‘कै. भाडेकरू’चा चौथा भाग आणि बाहेरची खोली

३ फेब्रुवारी, सोमवार

‘कै. भाडेकरू’चा चौथा भाग येतोय. बातमी पक्की. खुद्द मेव्हण्याने सांगितलं.

मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, शूटिंगचं सामान वाहणारी व्हॅन चालवतो. आज त्याने एका जुन्या गोदामातून पेटी उचलली. पेटीत काळा कोट, उजवी बाही डावीपेक्षा वीतभर लांब. असा कोट जगात एकच, चित्रपटातल्या भुताचा. ऐकताच मी हातातला चहा खाली ठेवला. ठेवला तो बायकोने कापायला पसरलेल्या कापडावर, पण अशा क्षणी माणूस कुठे ठेवतोय ते बघत नाही.

कोट दुरुस्त करून हवाय, तो घालून शूटिंग आहे, असं गोदामातला माणूस म्हणाला. शिवाय ढेकणांचंही काहीतरी बोलणं चाललं होतं. मेव्हण्याने ते नीट ऐकलं नाही. त्याचं नेहमीचंच. मी समजावलं की ‘ढेकूण’ हा सांकेतिक शब्द असणार, मोठ्या चित्रपटांची नावं बातमी फुटू नये म्हणून अशीच लपवतात. तो म्हणाला, असेल भाऊजी, तुमचा अभ्यास दांडगा.

ही रोजनिशी माझ्यापुरती आहे. तरी पुढे कोणी माझं चरित्र लिहायला घेतलंच तर अडायला नको, म्हणून थोडक्यात. ‘कै. भाडेकरू’त एक म्हातारा भाडेकरू मरतो, पण खोली सोडत नाही, कारण भाडेकराराची मुदत संपलेली नसते. घरमालक त्याला हुसकायला जे जे करतात ते त्यांच्यावरच उलटतं, आणि भूत दर वेळी बोट वर करून म्हणतं, ‘करार वाचा!’ त्यानंतर आला ‘पुन्हा कै. भाडेकरू’. त्यानंतर ‘कै. भाडेकरू आणि मंडळी’, ज्याबद्दल आम्ही चाहते बोलत नाही. मग वीस वर्षं सामसूम.

संकल्प: चौथ्या भागाची कथा मी लिहायची. दुसऱ्या कोणी लिहिली तर वाट लावतील.

बायकोने बाहेरच्या खोलीचा विषय पुन्हा काढला. ती ज्या बुटीकमध्ये शिवण करते ते महिनाअखेर बंद होतंय. तिथल्या बायका तिला म्हणाल्यात, तू घरी सुरू कर, आम्ही तुझ्याकडेच येऊ. एक मार्चला तिचं नवं मोठं मशीन येणार. तोवर खोली रिकामी हवी, नाहीतर गिऱ्हाइकं चौकातल्या दुकानात जातील आणि एकदा गेली की गेली.

म्हटलं, बघू.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाहेरच्या खोलीत जाऊन आढावा घेतला. बायको म्हणते तेवढं सामान मुळीच नाही. भाडेकरूचा माणसाएवढा प्लायवुडचा कटआउट, जो पडलेल्या थिएटरच्या व्हरांड्यातून मी स्वतः डोक्यावर वाहून आणला. त्याच थिएटरच्या एकाला एक जोडलेल्या तीन खुर्च्या. पोस्टर. आणि दार. दुसऱ्या भागात ज्या दारातून भूत आरपार जातं ते हेच, असं विकणारा शपथेवर म्हणाला होता. दार भिंतीला टेकवलेलं आहे. उघडलं की भिंतच दिसते. पाहुणे दर वेळी फसतात.

एवढंच. बाकी खोक्यांमध्ये काय आहे ते आठवत नाही, म्हणजे महत्त्वाचं असणार.

याच खोलीत चौथा भाग लिहिला जाणार. आत्ता ती रिकामी करणं म्हणजे बाळंतपणाच्या दिवशी दवाखाना रंगवायला काढण्यासारखं आहे. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, तुमचे दिवस भरायला वीस वर्षं लागली, माझे महिनाअखेरीला भरतायत.

लिहायला बसलो. शीर्षक टाइप केलं. अक्षर मोठं केलं, परत लहान केलं. छान दिवस गेला.

८ फेब्रुवारी, शनिवार

ग्रुपवर बातमी टाकली. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपचं नाव ‘मुदतवाढ’. ग्रुपचे प्रमुख मास्तर. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात म्हणून मास्तर. स्वभावही तसाच. सतत ब्रेकवर पाय.

दिवसभर सूचनांचा पूर. भूत मोबाइलमध्ये शिरतं. भूत परग्रहावर भाड्याने राहतं. भुताचं बालपण, म्हणजे जिवंत असतानाचं, म्हणजे ज्यात भूतच नाही. एकाने सुचवलं की तिन्ही भागांतली भुतं वेगवेगळ्या विश्वांतून एकाच खोलीत येतात आणि आपसांत भांडतात. पण तिन्ही भागांत भूत एकच आहे, हे कोणी त्याला सांगितलं नाही. तो तरुण आहे.

मास्तरांचं म्हणणं, आता काळ बदललाय, चौथा भाग गंभीर हवा, अंधारा हवा, त्यात एकही विनोद नको. मी लिहिलं की विनोदी चित्रपटातून विनोद काढला तर उरतं काय? मास्तरांनी उत्तर दिलं, खोली. यावर सत्तर अंगठे आले.

मग कोटाच्या बाहीवर चर्चा घसरली. माझा सिद्धांत सर्वांना ठाऊक आहे. उजवी बाही लांब, कारण त्या हाताने तो मागे राहिलेल्या माणसांकडे पोचायला बघतो. मास्तर म्हणतात, ती न्यायाची बाही आहे. सात वर्षं हा वाद चालू आहे.

माझी कल्पना मी ग्रुपवर टाकली नाही. चोरीची भीती. इथे लिहितो: लिफ्ट! भाडेकरूची जुनी इमारत पाडून तिथे टॉवर झालाय. खोलीच उरली नाही, म्हणून भूत लिफ्टमध्ये राहतं. करारात लिहिलंय ‘सदर जागा’, आणि सदर जागा आता वर-खाली होते!

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत इतकी वर्षं तक्रारींचे फोन घेतले ते वाया गेले नाहीत. नियतीने मला तिथे रिसर्चसाठी बसवलं होतं. साहेबांना वाटतं कामासाठी.

१० फेब्रुवारी, सोमवार

कथेत स्वतःसाठी छोटीशी जागा ठेवलीय. लिफ्टमध्ये उभा असलेला एक शेजारी. संवाद नाही. उगाच पुढे पुढे करणं माझ्या स्वभावात नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेजाऱ्याला एक वाक्य दिलं. माणूस लिफ्टमध्ये उभा आहे आणि मुकाच आहे, हे पटत नव्हतं.

मेव्हणा येऊन गेला. कोट अजून त्याच्या व्हॅनमध्येच फिरतोय. भुताचं काम करणारा नट आता चांगलाच आडवा झालाय, कोट सगळीकडून सैल करायचाय, पण कापड इतकं विरलंय की एकही शिंपी हात लावायला तयार नाही. म्हणाला, भाऊजी, ताईला विचारू का? तिचा हात हलका आहे.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, हे ब्लाउजची बाही आत घेण्याचं काम नाही, हा वारसा आहे. इथे कलावंत लागतो. शिवाय तिला जागा कुठे आहे? बाहेरची खोली तर भरलेली.

तो म्हणाला, कोणी भरलीय?

विषय भलतीकडे नेण्याची त्याला सवय आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलगी फिजिओथेरपी शिकते. पाठीच्या मणक्यांची नावं पाठ करत खोलीत आली आणि खुर्चीत बसायला गेली. मी ओरडलो, की ती बसायची खुर्ची नाही. ती म्हणाली, बाबा, मग ती कसली आहे? मी म्हटलं, बघायची.

तिने विचारलं, किती लिहून झालं? मी तिला संपूर्ण कथा सांगितली. ती म्हणाली, सांगून छान झालीय, लिहून किती झालीय? मुलांना हल्ली आकड्यांशिवाय काही दिसत नाही. शीर्षक झालंय. पात्रयोजना झालीय. तिच्यात शेजारी आता भुताचा नातू निघालाय. ही कथेची मागणी होती, माझी नाही.

बायकोने दारातून विचारलं, खोलीचं काय करताय?

बघू, म्हटलं. मुलगी बायकोकडे बघून हसली. काय हसण्यासारखं होतं कळलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

इतिहास घडला. जसा घडला तसाच लिहितो.

सकाळी ऑफिसात फोन. एका इमारतीत लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकलेली. आत एकच माणूस. नियमाप्रमाणे नाव विचारलं. नाव ऐकून मी ताडकन उभा राहिलो. हेडफोनची वायर अपुरी पडल्यामुळे परत बसलो.

दिग्दर्शक! तिन्ही भागांचे! आणि अडकलेत कुठे, तर लिफ्टमध्ये!

मी आवाज शांत ठेवला. म्हटलं, घाबरू नका, दाराला हात लावू नका, मेकॅनिक निघालाच आहे. मग म्हटलं, तोवर वेळ जायला एक गोष्ट सांगू का? ते म्हणाले, गोष्ट कसली, किती वेळ लागेल ते सांगा. मी म्हटलं, मध्यंतरापर्यंत फार नाही.

सांगितली. आयुष्यात असं सांगणं झालं नव्हतं. भुताचा आवाज काढला, घरमालकिणीचा काढला, लिफ्टची घंटासुद्धा तोंडाने वाजवली. पलीकडून सारखा प्रतिसाद येत होता. ‘अहो...’, ‘ऐका ना...’, ‘इथला पंखा बंद पडलाय’, ‘तिकडे दुसरं कोणी आहे का?’ यावर मी म्हटलं, अगदी हेच वाक्य भूत दुसऱ्या प्रसंगात म्हणतं! त्यानंतर ते बराच वेळ बोललेच नाहीत. भारावले असणार.

शेवटाकडे आलो तेव्हा समोर मेकॅनिक डबा उघडून बसलेला दिसला. तो निघालाच आहे असं मी दिग्दर्शकांना सांगितलं होतं. मेकॅनिकला सांगायचं राहिलं होतं. कामाच्या गडबडीत असं होतं.

त्याला खुणेनेच पिटाळलं आणि शेवट सांगितला. विचारलं, कशी वाटली? ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, शेवट बदलता येईल. तेव्हा ते जोरात म्हणाले, बघू हो, बघू, आधी दार उघडा!

एकदा नाही, तीनदा!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. इमारतीच्या सोसायटीची तक्रार आलीय म्हणे, की कंपनीच्या माणसाने अडकलेल्या गृहस्थांना भुताच्या गोष्टी सांगून घाबरवलं. मी म्हटलं, साहेब, घाबरवलं नाही, ती विनोदी आहे. साहेब म्हणाले, ते गृहस्थ हसत होते का? मी म्हटलं, आतून हसत असावेत. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि महिनाअखेरपर्यंत घरी बसायला सांगितलं.

साहेब बाहेरून कडक आहेत, पण लेखकाला वेळ लागतो हे त्यांना कळलं असणार.

घरी सांगितलं की रजा घेतलीय. बायकोचा चेहरा खुलला. म्हणाली, बरं झालं, दिवसभर मोकळे आहात, खोलीचं तेवढं उरकून टाका.

तिला दुखवायला नको म्हणून लगेच नाही म्हटलं नाही. बघू म्हटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दिग्दर्शकांचा फोन नाही. ठीक आहे. घाई नको.

ग्रुपवर जाहीर केलं: चौथ्या भागाची कथा आम्ही दिग्दर्शकांना ऐकवली असून त्यांनी होकार दिला आहे. एकच कल्लोळ. फक्त मास्तरांनी विचारलं, होकार म्हणजे नेमके कोणते शब्द? मी म्हटलं, ‘बघू’. मास्तरांनी हसून रडणारे चेहरे पाठवले. एवढे की बोट दुखलं असेल.

मास्तरांना भाषेची जाण नाही. ‘बघतो’ म्हणाले असते तर ते एकटे बघणार. ‘बघा’ म्हणाले असते तर मी एकट्याने बघायचं. ते म्हणाले ‘बघू’. म्हणजे आपण. दोघांनी मिळून. साधं व्याकरण आहे.

नातवाची भूमिका वाढवली. भूत आता नातवाच्या अंगात येतं. म्हणजे पडद्यावर नातूच दिसणार. भुताचं काम करणारे नट थकलेत म्हणे, त्यांना तेवढाच आराम.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वाद. माझ्या बाजूने वाद नव्हताच, मी फक्त खुर्चीत बसलो होतो.

बायको सुतळी आणि खोकी घेऊन आली. म्हणाली, अहो, आजपासून आठवड्याने मशीन येतंय, बांधायला घ्या. मी म्हटलं, बघू. तिने खोकी खाली ठेवली. म्हणाली, तुमचं ‘बघू’ मला नवीन नाही. बावीस वर्षं ऐकतेय. गिझर बघू. गच्चीवरची गळती बघू. फिरायला जायचं बघू. तुम्हाला नाही म्हणायची लाज वाटते म्हणून तुम्ही बघू म्हणता, आणि हे सगळ्या घराला कळतं, तुम्ही सोडून.

मी म्हटलं, बघू या शब्दात आशा असते. ती म्हणाली, असते ना, ऐकणाऱ्याची.

मग आवाज न चढवता बोलली. खोली नाही झाली तर मशीन परत पाठवते. चौकातल्या दुकानात त्यांना एक बाई हवीच आहे, तिथे उभी राहते. आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

पुन्हा विषय काढणार नाही म्हणाली. म्हणजे प्रश्न मिटला.

संध्याकाळी ती मशीनच्या जाहिरातीचा कागद उघडून बसली होती. मला बघून घडी घातली. हे उगाच लिहिलं. कथेशी संबंध नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दिग्दर्शकांना मीच फोन केला. नंबर तक्रार नोंदीत होताच. आवाज ओळखून ते म्हणाले, परत लिफ्ट बंद पडणार आहे का? किती हजरजबाबी माणूस! मी कथेचं विचारलं. मीटिंगमध्ये असल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला. मीटिंग चालू आहेत! म्हणजे गाडी पुढे सरकतेय.

या आनंदात ठरवलं, बायकोचंही मन राखायचं. खोली रिकामी करायला घेतली. सुरुवात दारापासून. दार उचललं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेलं. तिथे ते जास्त चांगलं दिसत होतं. टेकवताना कमरेत काहीतरी कट्ट वाजलं.

आता पलंगावर आहे. आडव्यानेच लिहितोय. मुलगी कंबर दाबून म्हणाली, बाबा, अजिबात हलायचं नाही. मी म्हटलं, बघ, मी रिकामी करायला घेतली होती, शरीरानेच साथ दिली नाही. ती म्हणाली, दार तर खोलीतच आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कालपासून बाहेरच्या खोलीत आवाज. ओढण्याचे, ठोकण्याचे. मेव्हण्याचाही आवाज ऐकू आला. तिघं मिळून माझी वीस वर्षं रस्त्यावर काढतायत.

पलंगावरून ओरडलो, हे चालणार नाही! आवाज थांबले नाहीत. मग बोट वर करून, पूर्ण भाडेकरूच्या आवाजात ओरडलो, करार वाचा!

आवाज थांबले. बायको दारात आली. म्हणाली, कुठला करार? लग्नाचा? तो मी तोंडपाठ केलाय. तुम्हीच एकदा वाचा.

आणि पुन्हा ठोकायला गेली.

ग्रुपवर लिहिलं की माझ्या संग्रहालयावर घाला पडला आहे. एकानेच उत्तर दिलं, खुर्च्या विकणार का?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंतीला धरून उठलो. म्हटलं, शेवटचं दर्शन घेऊ.

खोलीतून काहीही गेलेलं नाही. पण खोली ओळखू येईना.

दुसऱ्या भागातलं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलंय. वर जुनं ब्लँकेट ताणून बसवलंय. ते कापड कापायचं टेबल. तीन खुर्च्या भिंतीला, गिऱ्हाइकांना बसायला. पोस्टरच्या कोऱ्या पाठीवर ब्लाउजच्या गळ्यांची मापं काढून टांगलीत. आणि खिडकीत रस्त्याकडे तोंड करून भाडेकरू उभा. अंगावर कोणाचातरी फिकट निळा कुर्ता, बोट वर. बोटात हँगर अडकवलंय. त्यावर एक परकर.

मी खूप बोलणार होतो. बायको तोंडात टाचण्या धरून खडूने रेघ मारत होती. टाचण्या काढून म्हणाली, फेकायचं माझ्या जिवावर आलं असतं. तुम्ही एवढं डोक्यावरून वाहून आणलेलं. मला जागाच हवी होती हो, तुमच्या वस्तू जायला नको होत्या. एवढं तुम्ही कधी विचारलंच नाही.

टेबल हलत होतं. एका घोड्याखाली कागदाची घडी सारली. त्यासाठी वाकलो, मग मुलीने उभं केलं.

कागदावर चौथ्या भागाचं शीर्षक छापलेलं होतं. बाकी कोराच होता.

१ मार्च, शनिवार

मशीन आलं. मोठं आहे, आवाज गोड आहे. बुटीकमधल्या बायका दहालाच आल्या. खुर्च्यांवरून ‘मी आधी, मी आधी’ झालं. एकीने भाडेकरूला पाहून विचारलं, हे तुमचे मालक का? बायको म्हणाली, नाही, मालक ते बघा तिकडे भिंत धरून उभे आहेत.

दुपारी मेव्हणा पेटी घेऊन आला. मागे एक गृहस्थ. दिग्दर्शक! माझ्या घरात! बुधवारी ठोकाठोक करतानाच मेव्हण्याने परस्पर ताईला विचारलं होतं आणि ताई हो म्हणाली होती. बघू नव्हे, हो.

बायकोने कोट दारावर, म्हणजे टेबलावर, पसरला. आतून बाहेरून बोटं फिरवली. म्हणाली, होईल, पण ज्यांच्यासाठी आहे त्यांना एकदा घालून बघावा लागेल. दिग्दर्शक म्हणाले, त्यांचे गुडघे गेलेत, शूटिंगच्या दिवशीच येतील, मापं मात्र आणलीत. त्या मापाचा कोणी...

सगळे माझ्याकडे वळले.

मी पोट आत घेतलं. उशीर झाला होता. बायकोने टेप लावला. पोटाचा घेर तंतोतंत. म्हणाली, देवाने त्याच मापाने काढून दिलेला माणूस आहे.

मी म्हटलं, सर, नमस्कार. ‘सर’ ऐकताच ते दचकले. लिफ्टवाले तुम्हीच का, म्हणाले आणि दाराकडे सरकले. चुकीच्या दाराकडे. ते टेबलाला आपटले.

मग मी सगळंच विचारून घेतलं, कारण पुन्हा ते सापडणार नव्हते. बाहीबद्दल म्हणाले, बाही? तेव्हाच्या शिंप्याने कापताना चूक केली, दुसरं कापड आणायला वेळ नव्हता. चौथ्या भागाबद्दल म्हणाले, कसला चौथा भाग? ढेकूण मारायच्या पावडरीची जाहिरात आहे. भूत खोली सोडत नाही, पण ढेकूण सोडतात. एका मिनिटाची.

ढेकूण सांकेतिक नव्हता.

आणि माझी कथा? ते आधी कोटाकडे, मग बायकोकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाले, बघू.

मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. हसली नाही. तिने हळूच कोटाची बाही माझ्या हातात चढवली.

कोट अंगावर आला. काळा, जड, डांबरगोळ्यांच्या वासाचा. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो हाच. आरशात बघायचं होतं. बायको म्हणाली, हलू नका, टाचणी लागेल.

२ मार्च, रविवार

ग्रुपवर काही लिहिलेलं नाही. मास्तरांनी विचारलं, होकाराचं पुढे काय झालं? बाहीबद्दल त्यांना सांगायचं की नाही ठरत नाहीये. सात वर्षांचा वाद आहे, माणूस कोसळेल.

मला मात्र वेगळीच गोष्ट जाणवतेय. आज ना उद्या चौथा भाग होणारच. तेव्हा भाडेकरूच्या कोटात नेमका बसणारा असा माझ्याशिवाय कोण आहे? आता हे कागदोपत्री सिद्ध आहे. हे बायकोला सांगितलं. ती दोरा ओवत म्हणाली, असं करा, सोमवारी साहेबांना भेटून आधी नोकरी बघा. तिला रजेचं सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मेकॅनिकची बायको तिच्याकडेच शिवायला टाकते.

सोमवारी साहेब आहेत. फोनवर परत बसवतील की नाही कोण जाणे. बसवलं तर आधी मेकॅनिक, मग बाकी सगळं.

उद्या संध्याकाळी कोटाची दुसरी ट्रायल. सूचना मिळाल्यात. ताठ उभं राहायचं, हात वर करायचे नाहीत, भुताचा आवाज काढायचा नाही, गिऱ्हाइकांना गोष्ट सांगायची नाही. आणि पोट आत घ्यायचं नाही, कारण ज्यांचा कोट आहे त्यांचं तसं नाहीये.

बोलणार नाही. हलणार नाही.

पोटाचं बघू.